मोहाखालची झाडलेली जमीन

मार्च लागला की अकोल्यात माणसं सावली बघून चालायला लागतात. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्या जाळ्यांत नवं गवत भरलं जातं. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथे पंख्याखालच्या खुर्च्या मुलं सकाळीच वह्या ठेवून अडवतात. परीक्षेचे दिवस, असं सगळे म्हणतात. माझ्याकडे या दिवसांना आणखी एक नाव आहे. मोह पडायचे दिवस. माझ्या घराच्या आसपास मोहाचं एकही झाड नाही. तरी सकाळी खिडकी उघडताना नाक आपोआप त्या वासाच्या शोधात जातं. भिजवलेल्या मनुका आणि नुकत्याच उतरवलेल्या भाताची वाफ एकत्र केल्यासारखा तो वास. पहिल्या दिवशी आवडतो, तिसऱ्या दिवशी डोकं जड करतो आणि नंतर वर्षभर आठवत राहतो.

परवा दुपारी सुखलालचा फोन आला. सुखलाल म्हणजे मेळघाटात माझ्या भावाच्या सोबतीनं काम केलेला वनमजूर. गावात रेंज नाही, म्हणून फोन करायला तो टेकडीवर चढतो. त्यामुळे त्याच्या शब्दांच्या आधी त्याचा दम ऐकू येतो.

"ताई, फूल पडून राहिलं."

"हो का? यंदा लवकर."

"साहेबाच्या झाडाचं बी पडून राहिलं. कोन येते?"

साहेब म्हणजे माझा भाऊ. मिलिंददादाला जाऊन सात महिने झाले. भाद्रपदात पावसातल्या गस्तीवरून तो तापानं फणफणून आला आणि अमरावतीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी गेला. त्याचे कपडे, पुस्तकं, सायकल, सगळ्यांचं काय करायचं ते आम्ही ठरवलं होतं. त्याच्या नावावर मेळघाटात एक झाड आहे, याचा विचार मात्र केला नव्हता.

"तिथं कोणी वेचत नाही का, सुखलाल?"

"कसं वेचन, ताई? ज्याचं झाड त्याच्या घरचं माणूस पाह्यजे."

सात वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी दादाकडे महिनाभर राहायला गेले होते. माझा प्रबंध रखडला होता आणि शांत जागा हवी होती. दादा वनरक्षक होता. जंगलाच्या कडेला, एका कोरकू गावापासून हाकेच्या अंतरावर त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. परतवाड्याहून धारणीच्या एसटीनं, घाटातली वळणं पोटात घेत मी पोचले तेव्हा तो रस्त्यावर उभा होता. माझी पुस्तकांची पेटी उचलून त्यानं तिचं वजन पाहिलं.

"सुमे, शांतता लय हाय इथं. पण खुर्ची एकच हाय."

खुर्ची त्यानं मला दिली. तिच्यावर बसून मी त्या महिन्यात जेमतेम आठ पानं लिहिली. बाकीचा वेळ दादाकडे पाहण्यात गेला, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधीही वाटलं नाही.

मोहाची फुलं पहाटे पडतात. झाडाखाली पाचोळा असला की ती त्यात हरवतात. म्हणून फुलं पडायच्या आधी लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन काळी, मोकळी होते आणि तिच्यावर पिवळसर फुलं दुरूनही दिसतात. एका झाडाखालची ही आग बहुतेक वेळा तिथेच विझते. एखाद्या वेळी विझत नाही, आणि मग डोंगरच्या डोंगर दोन-दोन दिवस धुमसतो. दुसरी अडचण अंधाराची. ताजी फुलं अस्वलांना आणि हरणांना आवडतात, त्यांच्या आधी पोचायचं म्हणून बायका उजाडायच्या आत निघतात. फुलं वेचणारं माणूस वाकलेलं असतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं दादा सांगायचा.

तो हे पुस्तकातून सांगत नव्हता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशाच पहाटे एक बाई मोह वेचताना वाघिणीच्या समोर गेली. बाई वाचली नाही. आठवड्याच्या आत वाघिणीला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं आणि कायमची कुंपणात पाठवली. दोन्ही वेळी दादा तिथे होता. बाईला उचलणाऱ्यांत होता, पिंजरा उचलणाऱ्यांतही होता. यावर तो माझ्याशी एकदाच बोलला, तेही भाकरी करता करता, माझ्याकडे पाठ करून. "दोघी बी आपल्या कामाले निघाल्या होत्या," म्हणाला.

आणि आता त्याच्या हद्दीत, गावाच्या मोहांखालच्या नाल्यात, एक वाघीण राहायला आली होती. सुखलालनं वाळूतले ठसे दाखवले. एक मोठा. त्याच्यामागे दोन लहान, वाटीच्या बुडाएवढे. दादानं उकिडवं बसून ते बोटांनी मापले. मग उठून म्हणाला, "फूल संपेपर्यंत आग नाई लागली पाह्यजे आणि अंधारात कोणी नाई आलं पाह्यजे. वीस दिवस. मंग काई भेव नाई."

आधी त्यानं सरकारी पद्धतीनं करून पाहिलं. आग लावू नये, अशी छापील सूचना झाडाझाडावर बांधली. तिसऱ्या दिवशी एकही कागद जागेवर नव्हता. गावात जिच्या शब्दाला मान होता त्या फुलवंतीबाईच्या अंगणात तो विचारायला गेला. साठीची, काटक बाई. बोलताना हातातलं काम थांबवत नसे.

"कागद चांगला हाय, गार्डसाहेब," ती म्हणाली. "चूल लवकर पेटते. अजून असन तं द्या."

अंगणातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दादाही हसला. मग तिथेच जमिनीवर बसला आणि त्यानं नाल्यातली वाघीण, तिची पिल्लं आणि आदल्या वर्षीची ती बाई, तिन्ही गोष्टी सांगितल्या. फुलवंतीबाईनं ऐकून घेतलं.

"समजलं. पन पाचोळा कोन काढन? आनि दिवस निघेपर्यंत आमी घरी बसलो तं अस्वलाले कोन हाकलन? फूल आमचं वर्षाचं धान्य हाय, साहेब."

"पाचोळा मी झाडतो," दादा म्हणाला. "आणि जागलही मी करतो."

"तुमी?"

"मी आणि सुखलाल."

सुखलालनं मान वळवून दादाकडे पाहिलं. हे त्याला तेव्हाच कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून पन्नासेक मोहांखाली त्या दोघांनी बांबूच्या काड्यांचे खराटे चालवले. सगळा पाचोळा टोपल्यांनी उचलून गावाच्या खताच्या खड्ड्यात टाकायचा. पहाटे मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवायचा, म्हणजे अस्वलं झाडाशी थांबत नाहीत. ऊन अंगावर आलं की दादा खाली उतरून शिट्टी फुंकायचा, मग गाव यायचं, एकत्र, बोलत, गलका करत. जंगल राखायला नेमलेला माणूस गावाच्या फुलांची राखण करत होता. "नोकरी वाघाची आणि हाजरी अस्वलाची," असं सुखलाल म्हणायचा. दादाच्या तळहाताला फोड आले. त्यांना हळद लावताना मी त्याला चिडवलं की घरी असताना पाण्याचा गिलासही जागेवरून उचलत नव्हतास. तो म्हणाला, "घरी वाघ नोता."

पाचव्या की सहाव्या दिवशी, काही न कळवता, बाबा आले. चांदूर बाजारहून, खांद्यावर मृगबहाराच्या संत्र्यांची पिशवी. एसटीतून उतरून ते चालत आले ते थेट मोहांजवळच. त्यांनी पाहिलं ते असं: त्यांचा मुलगा, अंगात खाकी वर्दी, छातीवर नावाची पट्टी आणि हातात खराटा.

हे इतरांना कसं समजावून सांगावं, मला अजून कळत नाही. माझे आजोबा गावची चावडी झाडायचे, पाटलाचं अंगण झाडायचे. ते काम त्यांनी निवडलेलं नव्हतं. ज्या घरात जन्मले त्या घराच्या वाट्याला ते लावून दिलेलं होतं. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन ते नागपूरहून परतले आणि घरातला खराटा त्यांनी पूर्णेच्या पाण्यात सोडून दिला. बाबा तेव्हा लहान होते, पण खराटा वाहत जाताना त्यांनी पाहिला होता. पुढे ते शिक्षक झाले. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या घरी झाडायचं काम आई करायची, पुढे मी केलं. बाबांनी झाडू हातात घेतलेला मी पाहिला नव्हता. आम्ही तो आळस समजायचो.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. एकुलत्या खुर्चीवर ते बसून राहिले आणि दादा उंबऱ्यावर.

"माह्या बापानं जे टाकलं ते तू काहून उचललं?" बाबांनी विचारलं.

दादानं तळहाताचे फोड चाचपले. "बाबा, आजोबाले झाडायले लावत होते. मले कोणी लावलं नाई."

"वर्दी घालून?"

"वर्दी आहे म्हणूनच. वर्दीवाला आग लावू नका म्हणते आणि निघून जाते, हे त्याईनं आजवर पाह्यलं. झाडणारा नाई पाह्यला."

संत्री पिशवीतच राहिली.

सकाळी ऊन आल्यावर दादानं शिट्टी फुंकली, पण नेहमीची एक लांब नाही. थांबा, अशा तुटक तीन. गाव कडेलाच थबकलं. बाबा आणि मी मागून आलो. आदल्या दिवशी झाडलेली जमीन मऊ धुळीची, खराट्याच्या रेघा जशाच्या तशा. आणि त्या रेघांवरून, झाडाखालून झाडाखाली, एक मोठं पाऊल आणि दोन लहान पावलं शांतपणे चालत गेली होती. एका मोहाखाली पिल्लांनी धिंगाणा केला होता; फुलं चिरडली होती, धूळ उडाली होती. ते झाड फुलवंतीबाईचं होतं. दरवर्षीच्या रीतीनं ती त्या वेळी तिथे वाकलेली असती, नातीला सोबत घेऊन.

फुलवंतीबाई ठशाजवळ उभी राहिली. एक हात नातीच्या डोक्यावर होता. मग तिनं दादाच्या हातातला खराटा घेतला.

"सरा, साहेब. आमचं आमी झाडतो."

बाबांनी खिशातून चष्मा काढला. ते वाकले, आणि वहीचं पान तपासताना बघायचे तसं त्यांनी ठशाकडे पाहिलं. सुखलाल एकदा खाकरला. मग बाबा म्हणाले, "पाचोळ्यात हे दिसलं नसतं."

"नाई दिसत," दादा म्हणाला.

"मले उद्या लवकर उठव."

बाबा दोन दिवसांसाठी आले होते ते राहिले. खराट्याला त्यांनी हात लावला नाही. पण गाव मोहाखाली शिरताना ते वाटेवर एका दगडावर बसत आणि नावं वहीत लिहून हजेरी घेत. किती गेले, किती परत आले. दोन-तीन दिवसांत गावाला त्याची इतकी गोडी लागली की म्हाताऱ्या बायाही शाळेतल्या मुलीसारख्या "हजर, गुरुजी" म्हणून लाजायच्या. फुलवंतीबाई मात्र रोज वेगळं उत्तर द्यायची. "हाय ना समोर, दिसत नाई का?" बाबा वहीतून मान वर न करता म्हणायचे, "दिसलं, तरी तोंडानं सांगावं लागते, बाई. सरकारी काम आहे."

तेराव्या दिवशी आग लागली. ती बाबांनी लावली.

दुपारची वेळ होती. दादा आणि सुखलाल पाणवठा बघायला गेले होते, गाव फुलं वाळवत होतं. शेवटच्या रांगेतल्या मोहाखाली पाचोळ्याचा एक ढीग उचलायचा राहिला होता. बाबांना मदत करायची होती. टोपली भरायची म्हणजे खराट्यानं लोटावं लागणार, आणि खराटा धरायचा नव्हता. म्हणून त्यांनी पायानंच कडा सारख्या केल्या आणि, चांदूर बाजारच्या आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात करतात तसं, चुलीजवळची आगपेटी आणून ढिगाला काडी लावली. अंगणात भिंत असते. इथे उतार होता, आणि खालून वर येणारा वारा त्या दिवशी उलटा, वरून नाल्याकडे वाहत होता.

मी धूर पाहिला आणि ओरडले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फुलवंतीबाई हातातली टोपली उपडी टाकून धावली. तिच्यामागे घराघरातून माणसं आली आणि प्रत्येकाच्या हातात खराटा होता. तेरा दिवसांपूर्वी त्या गावात अंगणात चालवायचे खराटे सोडले तर जंगलात नेण्यासारखा एकही नव्हता. आता प्रत्येक घरानं आपापल्या झाडासाठी बांधला होता. हिरव्या फांद्या तोडून काहीजण ज्वाळा झोडत होते आणि बाकीचे आगीच्या पुढे, नाल्याच्या काठानं, एका रांगेत जमीन झाडत होते. आगीला खायला काही मिळू नये एवढा रुंद पट्टा. पाणवठ्यावरून धावत आलेल्या दादाचा आवाज धुरातून येत होता, "खालून घ्या, खालून, तिचा रस्ता मोकळा ठेवा." आणि त्या रांगेत, फुलवंतीबाईच्या शेजारी, धोतराचा काचा मारलेले, डोळ्यांतून पाणी गळणारे माझे बाबा खराटा चालवत होते. कुणी दिला, कधी घेतला, माहीत नाही. चांगला चालवत होते. लांब, सारखे, न थकता. लहानपणी पाहिलेलं हात विसरले नव्हते.

पट्ट्याशी येऊन आग बसली. नाल्याच्या काठापासून वीस-पंचवीस पावलांवर.

त्या संध्याकाळी दादा कंदिलाशी बसून अहवाल लिहीत होता. आगीचं कारण, या रकान्यात बहुतेक वेळा 'अज्ञात' लिहिलं जातं, हे सुखलालनं त्याला दोनदा सुचवलं. बाबा खुर्चीवर होते. दादानं लिहिलं: वनरक्षकाच्या वडिलांनी पालापाचोळा पेटवला. मग कागद बाबांसमोर धरला.

बाबांनी तो पूर्ण वाचला. "माझं नाव कुठं आहे?"

"वडील लिहिलं ना."

"वडील कोणाचेही असतात. नाव लिही. सही मी करतो."

दादानं नाव लिहिलं. बाबांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागदावर फुंकर मारली, शाई ओली नसतानाही. दादाला पुढे त्याबद्दल लेखी समज मिळाली. तो कागद त्यानं शेवटपर्यंत जपून ठेवला होता. त्याच्या मागे सामान आवरताना मला तो प्लास्टिकच्या पिशवीत, आईच्या फोटोसोबत सापडला. आमच्या घरी प्रमाणपत्रं पुष्कळ आहेत. मला विचाराल तर भिंतीवर लावण्यासारखा कागद तोच.

आग विझली, पण वाघीण दिसेना. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. जमीन रोज झाडली जात होती, आणि तिच्यावर मोराची पावलं, रानडुकराचे खूर, रानमांजराचे ठसे उमटत होते. ती तीन पावलं नव्हती. वाघीण पिल्लं घेऊन गावाच्या शेतांकडे सरकली असेल तर पुढचं सगळं आम्हाला माहीत होतं. पिंजरा दादानं एकदा उचललेला होता. तो जेवायचा नाही. बाबाही जेवायचे नाहीत. दोघांचीही तोंडं सारखीच दिसायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

चौथ्या सकाळी फुलवंतीबाई झाडांकडे गेली आणि लगेच रिकाम्या हातानं परत आली. तिची टोपली कुठे आहे, ते आम्हाला कळेना.

"तिकडं ठेवली," ती म्हणाली. "चला, गार्डसाहेब. तुमच्या घरची मानसं आली."

टोपली तिच्या मोहाखाली उपडी ठेवलेली होती. कुणाचा पाय पडू नये म्हणून. दादानं गुडघे टेकून ती अलगद उचलली. खाली मोठं पाऊल होतं, कडा ताज्या. पुढे दोन लहान, नाल्याकडे उतरणारी. दादानं टोपली परत तशीच ठेवली आणि काही वेळ तिच्यावर हात ठेवून बसला. बाबांनी वही उघडली. त्या दिवशीच्या हजेरीत, गावाच्या नावांच्या खाली, त्यांनी लिहिलं: तीन, हजर.

फुलं संपली तेव्हा गावानं दादाला एक मोह दिला. त्या गावात प्रत्येक मोहाला एक घर असतं, प्रत्येक घराला त्याचे मोह. कागदावर ते कुठेही नाही, तरी कुणी दुसऱ्याचं फूल उचलत नाही. शेवटच्या रांगेतला, ज्याच्याखाली आग सुरू झाली तोच मोह फुलवंतीबाईनं दाखवला. "हा साहेबाचा." दादा म्हणाला, सरकारी माणसाला झाड घेता येत नाही. ती म्हणाली, "घ्यायचं नाईच हाय. झाडायचं हाय." पुढे त्याची बदली झाली, तरी दर मार्चला रजा काढून तो जायचा, आपलं झाड झाडायचा, पसाभर फुलं घरी आणायचा आणि बाकीची गावाला द्यायचा.

आमच्या ग्रंथालयात वाघांवरची पुस्तकं अर्धं कपाट भरून आहेत. नवी आली की मी आधी घरी नेते. त्यांत कॅमेरे आहेत, वाघांच्या गळ्यातले रेडिओचे पट्टे आहेत, नकाशे आहेत, शूर माणसांची छायाचित्रं आहेत. सगळं खरं आहे, आणि हवंच आहे. खराटा मात्र मला कुठे भेटला नाही. ज्या वस्तूनं माझ्या आजोबांची मान वाकवली, तीच हातात घेऊन माझा भाऊ ताठ उभा राहिला, आणि एक अख्खं गाव त्याच्यासोबत उभं राहिलं. हे कुठल्या विषयाखाली नोंदवायचं, माझ्यासारख्या ग्रंथपालाला अजून सुचलेलं नाही.

सुखलालच्या फोननंतर मी रजा टाकली आणि चांदूर बाजारला गेले. बाबा आता ऐंशी पार केलेले. दादा गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत. शब्द काटकसरीनं वापरतात. मी एकटी जाऊन येते, असं मी त्यांना म्हणाले.

"मले ने," ते म्हणाले. एवढंच. आणि कपाटातून जुनी वही काढून पिशवीत ठेवली.

परतवाड्याहून धारणीची एसटी, तेच घाट, तीच वळणं. पळस लालभडक पेटलेला. बाबांना खिडकीशी बसवलं होतं. सेमाडोहच्या पुढे एका ठिकाणी डोंगर काळा पडलेला दिसला, कुठेतरी आग लागून गेलेली. ते मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

गावच्या मोहांखाली जमीन झाडलेली होती. एक झाड नाही, दोन नाही; पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. दादाची बदली होऊन चार वर्षं झाली होती, त्याला जाऊन सात महिने. तिथे आता झाडायला सांगणारं कुणीही नव्हतं. मी वाटेत थांबले. हा माझा भाऊ, असं मोठ्यानं सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तिथे असं कुणीच नव्हतं ज्याला ते आधीच माहीत नव्हतं.

फक्त शेवटच्या रांगेतला एक मोह पाचोळ्यात उभा होता. फुलं पाचोळ्यात पडून तपकिरी होत होती. फुलवंतीबाई आता काठी घेऊन चालते. तिच्या नातीनं, जी आता तिच्यापेक्षा उंच झाली आहे, माझ्या हातात नवा खराटा आणि टोपली दिली.

"घरच्या मानसानं पहिलं झाडावं," म्हातारी म्हणाली. "मंग आमी हावोच."

मी झाडलं. मला ते दादासारखं येत नाही. रेघा वाकड्या आल्या. बाबांना झाडाच्या बुंध्याशी बसवलं होतं. ते काठीनं राहिलेली पानं दाखवत होते. ढीग झाला, मी कंबर सरळ केली.

"सुमे," बाबा म्हणाले, "ढीग पेटवू नको बरं."

आधी फुलवंतीबाई हसली, मग सुखलाल, मग सगळे. बाबांच्या चेहऱ्यावर भाद्रपदानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं. ढीग आम्ही खड्ड्यात नेऊन टाकला.

दुसऱ्या सकाळी, ऊन अंगावर आल्यावर, आम्ही परत गेलो. बाबांनी वाटेवर दगडावर बसून हजेरी घेतली. माझ्या वाकड्या रेघांवर रात्रीतून फुलं पडली होती, आणि फुलांमधून एक पाऊल गेलं होतं. मोठं, एकटं, कडा ताज्या. सात वर्षांपूर्वीच्या त्या वाटीएवढ्या पावलांपैकी हे कुणाचं असेल का, ते सांगणारा माणूस आमच्यात नव्हता. सुखलालनं खांदे उडवले. बाबांनी वही उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी टोपलीतली फुलं पदरात ओतली आणि टोपली त्या पावलावर उपडी ठेवली. मग पदर सावरून, रिकाम्या हातानं, पुन्हा वेचायला लागले. वरून फूल पडत होतंच. अधूनमधून एखादं टोपलीच्या पाठीवर पडायचं, आणि तेवढाच आवाज व्हायचा.